पोतं बांध!

"यंत्राला कशाला नावं ठेवतोस? तुला पोतं बांधता येत नाही, एवढंच आहे."

गुरुवारी दुपारी सव्वाचारला, दोन जाहिरातदार, एक चित्रकार आणि चहावाला पोरगा यांच्यादेखत मला हे ऐकवण्यात आलं. चहावाला हसला. तेच जास्त लागलं, कारण त्याची तीन महिन्यांची उधारी आमच्याकडे थकली आहे आणि एरवी तो आमच्या कचेरीत हसत नाही.

प्रसंग अगदी किरकोळ. अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही दिवाळी अंकांची मांडणी करतो. तयार अंकाचं फोल्डर माझ्या मशीनवरून झेडवर टाकायचं, तिथून ते छापखान्यात जाणार. झेड म्हणजे पोटमाळ्यावर ठेवलेला एक म्हातारा काँप्युटर. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालतो. सगळं काम झेडवरच ठेवायचं, हा मालकांचा हुकूम. "तुमच्या मशीनवर राहिलं आणि उद्या तुम्ही गेलात तर?" असं ते विचारतात. कुठे गेलात, हे सांगत नाहीत.

झेडवर माझा राग आहे तो त्याच्या सोंगाचा. स्क्रीनवर माझ्या मशीनच्या डिस्का सी, डी आणि हा झेड सख्ख्या भावांसारखे एका ओळीत बसलेले असतात. (ए आणि बी कुठे गेले? ती अक्षरं फ्लॉपीची. फ्लॉपी गेल्या, पण त्यांच्या जागेवर कोणी बसत नाही. पासोड्या विठोबापाशी आता पासोड्या मिळतात का? नाव मात्र आहेच की.) पण सी आणि डी घरात राहतात आणि झेड राहतो वायरीच्या पलीकडे. डीवरचं फोल्डर डीवरच दुसरीकडे हलवा, माउसवरून बोट उचलायच्या आत काम झालेलं असतं. कारण तिथं काही हलतच नाही. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, जमीन जागच्या जागी. तेच फोल्डर झेडवर हलवायचं तर जमीन खणून, टोपल्यात भरून, डोक्यावरून वाहून न्यावी लागते. चित्र मात्र दोघांचं एकच, आणि माणूस फसतो तो तिथंच.

फोल्डर सहा जीबीचं होतं. सहा जीबी म्हणजे आजकाल काहीच नाही. माझ्या मशीनमधली एसएसडी डिस्क सेकंदाला पाचशे एमबी वाचते. अडचण वजनाची नव्हती, डोक्यांची होती. आत बावीस हजार फाइली. तीन वर्षांच्या जाहिरातींचे तुकडे, फाँट, वेलबुट्ट्या, आणि प्रत्येक लेखकाचे फोटो: लेखकाचा आत्ताचा, लेखकाचा तरुणपणीचा, आणि 'हाच छापा' म्हणून लेखकाच्या सुनेनं पाठवलेला.

मी कॉपीला लावलं. हिरवी पट्टी सुरू झाली. बारा मिनिटं राहिली म्हणाली, मग दोन तास म्हणाली, मग चार मिनिटं. "पोचलोच, चौकातच आहे" म्हणणारा रिक्षावाला आणि ही पट्टी एकाच गुरूचे चेले. मी निवांत मागे टेकलो. इथे एक कबूल करतो, की झेडचा हा संथपणा मला अगदीच नकोसा नाही. दिवाळीच्या तोंडावर मालकांसमोर हातावर हात ठेवून बसता येईल असा दुसरा वेळ कुठला? "कॉपी चालू आहे," म्हटलं की झालं.

तेवढ्यात नाना स्टूल ओढत आले.

नाना आमचे मुद्रितशोधक. वय शहात्तर. पोस्टाच्या आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेतल्या टपालातून, निवृत्त झाले. लाल पेन स्वतःचं आणतात, कचेरीच्या पेनाची शाई त्यांना बेजबाबदार वाटते. ते स्टूल माझ्या स्क्रीनसमोर ठेवून, क्रिकेट बघायला बसावं तसे पट्टीकडे बघत बसले.

"काय जातंय?"

"अंक जातोय नाना, झेडवर."

"कुठंशी आहे हा झेड?"

"वर. पोटमाळ्यावर."

नानांनी आधी वर पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग जिन्याकडे. "अकरा पायऱ्या आहेत."

"हो."

"कधी लावलंयस?"

"वीसेक मिनिटं झाली."

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तरी मी दोन मिनिटांत वर जाऊन येतो. येताना मध्ये थांबून श्वास घेतो, तो धरून सांगतोय."

"नाना, ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण हुशारी दाखवायची खुमखुमी. मी सांगितलं, की आपलं मशीन प्रत्येक फाइलसाठी वरच्याला विचारतं: या नावाची आधी आहे का? नाही. मग उघडू का? उघड. लिहू? लिही. तारीख टाकू? टाक. मिटू? मीट. प्रत्येक उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा प्रश्न. घरच्या डिस्कलाही हेच विचारावं लागतं, पण ती शेजारीच बसलेली असते, लगेच उत्तर देते. वायरीवर प्रत्येक सवालजवाबाची एक खेप होते. एकच मोठी फाइल असली तर एकदा विचारलं की सरळ धावत सुटते. बारक्या बावीस हजार असल्या, की नेण्यापेक्षा विचारण्यातच दिवस जातो.

नानांचे डोळे चमकले. इतका वेळ त्यांना कंटाळा आलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे बावीस हजार रजिस्टर्ड पत्रं."

"तसंच म्हणा."

"प्रत्येकाची पावती वेगळी."

"हो."

"आणि तू ती खिडकीवर एकेक करून सरकवतोयस."

"मी नाही, विंडोज सरकवतंय."

"विंडो म्हणजे खिडकीच ना रे?" नाना मागे वळून जाहिरातदारांना म्हणाले, "बघा, खिडकीवर उभा आहे आणि खिडकीलाच दोष देतोय." मग माझ्याकडे वळून, "आम्ही रात्रीच्या गाडीत मिरजेपर्यंत टपाल लावत जायचो. डबा हलतोय, दिवा मिणमिणतोय. पत्रं लावायची, पोत्यात भरायची, सुतळी आवळायची, सील ठोकायचं, वर चिठ्ठी. मिरजेला उतरवायचं ते पोतं. एक नग! आतली पत्रं तिथं ज्याची तो मोजेल. प्लॅटफॉर्मवर एकेक पत्र हातात देत बसलो असतो, तर गाडी अजून लोणंदलाच असती."

आणि मग ते पोत्याचं वाक्य.

झिप, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधणं, हेच ते पोतं; हे मला माहीत नव्हतं, असं मुळीच नाही. वीस वर्षं हेच करतोय मी. झिप केल्यानं फोटोंचं वजन काही कमी होत नाही, नुसतं गाठोडं होतं, हेसुद्धा मी नानांना सुनवणार होतो. पण चारचौघांत माणसाचं एकदा हसं झालं, की त्याच्या ज्ञानाला भाव राहत नाही. मी कॉपी रद्द केली, माझ्याच मशीनवर गाठोडं बांधलं आणि नाना चुकीचे ठरावेत अशी मनापासून इच्छा करत ते झेडवर सोडलं.

नऊ मिनिटं.

मालक केबिनबाहेर आले. "अहो, पोस्टातल्या माणसाला कळतं, ते तुम्हाला कळू नये?" नानांना दुसरा चहा आला. मला पहिलाही आला नव्हता.

रात्री झोप येईना. नऊ मिनिटं मनात घोळत होती. सहा जीबी नऊ मिनिटांत म्हणजे सेकंदाला अकरा एमबी. आता आमच्या नेटवर्कच्या सगळ्या डब्यांवर 'गिगाबिट' लिहिलंय, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागलं की सव्वाशे एमबी, त्यातले शंभर-एकशेदहा तरी हाती लागावेत. अकरा हा आकडा शंभर मेगाबिटवाल्या जुन्या वेगाचा. म्हणजे पोतं बांधूनही गाडी बैलगाडीच होती!

शुक्रवारी नेटवर्कवाला मुलगा आला. तो वायर चाचपत चाचपत कपाटापर्यंत गेला आणि थांबला. लोखंडी कपाटाचा एक पाय बरोबर वायरीवर. या वायरीत आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात, शंभर मेगाबिट दोन जोड्यांवर भागवतं. एक जोडी चेंगरली, म्हणून दोन्ही बाजू गुपचूप खालच्या वेगावर आल्या. तक्रार नाही, दिवा लाल नाही, काही नाही. घरातला समजूतदार माणूस असाच वर्षानुवर्षं चेंगरत जातो आणि सगळे म्हणतात, हल्ली जरा मंदावलाय.

कपाट तिथं आलं गणपतीत, मखरासाठी जागा हवी म्हणून. आम्ही चौघं ढकलत होतो आणि दोन्ही हात मागे बांधून "अजून चार बोटं डावीकडे, अजून चार बोटं" असं सांगत कोण उभं होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे.

साडेतीनशे रुपयांत वायर बदलली. तेच पोतं एका मिनिटात वर गेलं. मी मालकांना कपाट, मखर, चार बोटं, सगळं क्रमानं सांगितलं. ते म्हणाले, "ते असू द्या हो. पोत्याची आयडिया त्यांचीच ना?" नाना मागून येऊन पट्टीकडे बघत म्हणाले, "बघ. पोतं घट्ट बांधलं की कसं सुटतं."

मी काहीच बोललो नाही. संध्याकाळी थांबून जाड अक्षरांत एक पाटी छापली आणि कपाटाला चिकटवली: 'कपाट हलवु नये. खाली वायर आहे.'

आज सकाळी आलो, तर 'हलवु'वर लाल गोल होता. बाजूला समासात, सुबक अक्षरात, 'वू दीर्घ'. खाली सही आणि तारीख.