तुर्कीमार्गे ग्रीक बेट, म्हणे व्हिसाशिवाय!

सध्या एक मेसेज फिरतोय. "ग्रीक बेटांसाठी शेंगेनची कटकट कशाला? तुर्कीचा ई-व्हिसा काढा, बोद्रुमहून बोटीने कोसला जा, उतरल्यावर सात दिवसांचा व्हिसा मिळतो." (शेंगेन म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा; बोद्रुम हे तुर्कीचं बंदर, कोस त्याच्या समोरचं ग्रीक बेट.) खाली आणखी तीन-चार 'टिप्स'. परवा मावशीने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिच्या नव्यानेच लग्न झालेल्या मुलाने इस्तंबूलची तिकिटं बघायला घेतलीसुद्धा. एरवी मी असल्या मेसेजच्या वाटेला जात नाही.

सात दिवसांचा व्हिसा आहे, हे खरं. 2024 मध्ये ग्रीसने कोस, ऱ्होड्स, लेस्बोस, सामोस अशा तुर्कीला खेटून असलेल्या बेटांवर तो सुरू केला. पण कोणासाठी? तुर्की नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी. मेसेज लिहिणाऱ्याने 'तुर्कीचे' ऐवजी 'तुर्कीतून येणारे' असं धरलं आणि दिलं ठोकून.

खरी गंमत पुढेच आहे. तुर्कीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भारतीयांसाठीचा नियम स्पष्ट लिहिलाय: ई-व्हिसा हवा तर आधी शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा किंवा रहिवासी परवाना हातात पाहिजे. म्हणजे शेंगेन टाळायला तुर्की, आणि तुर्कीच्या ई-व्हिसासाठी पुन्हा शेंगेन! बरं, तो ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा. कोसला जाऊन परत बोद्रुमला आलात की तो संपलेला, आणि मुंबईचं विमान तर इस्तंबूलहून. (तुर्कीला जावं की नाही, हा वाद वेगळा. त्यात मी आज पडत नाही.)

"फार तर काय, परत पाठवतील," असं भाचेकंपनीतल्या एकाने लिहिलं. बहुधा बोद्रुमच्या धक्क्यावरच पासपोर्ट बघून बोटीत चढू देणार नाहीत, आणि ते नशीबच म्हणायचं. कोसला पोचून प्रवेश नाकारला, तर त्याची नोंद होते. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तिच्यात नाकारलेले प्रवेशही जातात. पुढच्या व्हिसा अर्जाला हे चिकटणार. आणि हे सगळं कशासाठी, तर शेंगेनचे 90 युरो वाचवायला.

आता बाकीच्या टिप्स. "पिरेअसहून सँटोरिनी दोन तासांत." नाही. अथेन्सच्या या बंदरातून सँटोरिनी बेटापर्यंत वेगवान बोटीला पाच तासांच्या आसपास, साध्या मोठ्या जहाजाला आठ. "विमान म्हणजे पैसे पाण्यात." अथेन्सहून पाऊण तासाचं उड्डाण आहे, बोटीचं भाडं आणि विमानतळाहून बंदरापर्यंतची यातायात धरून हिशोब करा, मग बोला.

"तिकीट आधी काढायची गरज नाही", यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करतो. गर्दीचा हंगाम सोडून, गाडी न घेता साध्या जहाजाने जायचं असेल, तर बंदरावर तिकीट बहुतेक वेळा मिळतं. 15 ऑगस्टच्या आसपास तसं करू नका. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन, तिकडे मेरीमातेचा सण. अर्धं अथेन्स बेटांकडे निघालेलं असतं. ही जहाजं मधल्या बंदरांत मोजकीच मिनिटं थांबतात. बॅगा खाली गाड्यांच्या डेकवर, बेटाचं नाव लावलेल्या रॅकवर ठेवायच्या, आणि बंदर जवळ आलं की बॅगा घेऊन तिथेच उभं राहायचं. फळी खाली आली की उतरायचं. वर कॉफी पीत बसलात तर पुढच्या बेटावर पोचाल.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. जोर वाढला की आधी वेगवान बोटी रद्द होतात, फारच वाढला तर मोठी जहाजंही बंदरातच. त्यामुळे बेटावरून निघणं आणि घरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये अथेन्सचा एक मुक्काम हवा.