न्यूयॉर्कला येताय? एक दिवस पकिप्सीला द्या

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांचा फेरा ठरलेला असतो: नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवी. त्यात एक दिवस हडसन नदीकाठच्या पकिप्सी गावाचा घाला, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन मार्गाची गाडी धरायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. जेमतेम दोन तास लागतात. जाताना डावीकडची खिडकी पकडा, हडसन नदी सोबत येते.

तिथले बहुतेक मराठी पाहुणे आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिळेपाशी फोटो काढून परततात. मला ते अपुरं वाटतं. आधी व्हॅसर कॉलेज बघा. मॅथ्यू व्हॅसर हा बिअरच्या धंद्यात पैसा कमावलेला, मूलबाळ नसलेला माणूस. त्यानं १८६१ मध्ये मुलींसाठी कॉलेज स्थापन केलं. तिथली वेधशाळा आजही उभी आहे. १८४७ मध्ये दुर्बिणीतून धूमकेतू शोधणारी मराया मिशेल तिथं मुलींना खगोलशास्त्र शिकवायची. कॉलेजचे वर्ग सुरू झाले १८६५ मध्ये. आनंदीबाईंचा जन्म त्याच वर्षीचा! हे लक्षात आलं तेव्हा मी वेधशाळेसमोर बराच वेळ थांबले.

आनंदीबाई शिकल्या फिलाडेल्फियात. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली. परक्या देशात आनंदीबाईंना घरात ठेवून घेणाऱ्या, त्यांच्या 'मावशी'. या बाईंनी ती पकिप्सीच्या दफनभूमीतल्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. घरची माणसं जिथं निजली तिथं! याहून मोठी माया मला ठाऊक नाही. मॅथ्यू व्हॅसरही त्याच दफनभूमीत आहे.

शिळेवर शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं लिहिलंय. माझी नजर मात्र नावापुढच्या 'एम. डी.'वरच खिळली. तीच त्यांची खरी कमाई.

वेळ उरला तर नदीवरचा १८८९ चा रेल्वेपूल चाला. १९७४ च्या आगीनंतर तो पडून होता. गावकऱ्यांनी चिकाटीनं तो वाचवला आणि २००९ पासून त्यावरून माणसं चालतात, दोन किलोमीटर.

फुलं मात्र न्यूयॉर्कहूनच घेऊन निघा. तिथं मिळतील म्हणून आम्ही तसेच गेलो, आणि आनंदीबाईंपुढे रिकाम्या हातांनी उभं राहावं लागलं.