सॅटलरच्या मोडक्या जबड्याची गोष्ट पोरांना सांगणं आता बंद करा

गेल्या शनिवारी धाकट्याची रग्बी लीगची मॅच होती. वय १३, अंगाने आडवा, म्हणून टीमने त्याला प्रॉप केलाय, म्हणजे पुढच्या फळीतला गडी, पाठीवर ८ नंबर. पहिल्याच हाफमध्ये टॅकल करताना, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडताना, समोरच्या पोराचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. उठला, चार पावलं चालला आणि जाऊन उभा राहिला तो थेट समोरच्या टीमच्या लायनीत. त्याला कळतच नव्हतं आपण कुठल्या बाजूचे ते. मी पळत आत गेलो तर कोच म्हणतो काही झालं नाहीये, टफ पोरगा आहे, सॅटलर तर जबडा मोडलेला असताना फायनल खेळला होता! मी काही न बोलता पोराच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. नंतर बोलाचाली झाली ती झालीच.

पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहितोय.

इथे सिडनीच्या वेस्टला राहून आम्हाला बरीच वर्षं झाली. मी सांगलीचा, कबड्डी बघत वाढलेला, त्यामुळे रग्बी लीग मला लगेच आवडली, खरं सांगायचं तर फॉरवर्ड लोकांमुळेच आवडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेरा जणांची टीम, त्यातले सहा फॉरवर्ड. दोन प्रॉप, एक हूकर, दोन सेकंड रो आणि एक लॉक. बॉल घेऊन सरळ भिंतीत शिरायचं, दोन-तीन जण अंगावर घेऊन पडायचं, उठून पायाने बॉल मागे सारायचा, आणि बॉल समोरच्यांकडे गेला की दर टॅकलनंतर दहा मीटर मागे पळून परत पुढे यायचं. हे सहा टॅकल होईपर्यंत, आणि मग परत. ८० मिनिटं. ट्राय करून, म्हणजे बॉल समोरच्यांच्या लाईनपलीकडे टेकवून, हात वर करणारा बहुतेक वेळा विंगवरचा, मैदानाच्या कडेचा असतो. आपल्याकडे कसं चढाईवाल्याचं नाव सगळ्या गावाला पाठ असतं आणि कोपरा सांभाळणारा गडी कोण होता ते कुणी विचारत नाही, अगदी तसंच.

आता सॅटलर. जॉन सॅटलर, साऊथ सिडनी क्लबचा म्हणजे साऊथ्सचा कॅप्टन, प्रॉप. १९७० ची फायनल, मॅनलीविरुद्ध, सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. सुरुवातीच्या दहा मिनिटांतच त्याच्या तोंडावर ठोसा बसला आणि जबडा मोडला. गडी बाहेर गेला नाही. उरलेली सत्तरेक मिनिटं तसाच खेळला, साऊथ्स २३-१२ ने जिंकली. ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला माहीत असते. त्या जबड्यामुळे त्या वर्षीचा इंग्लंडमधला वर्ल्डकप त्याच्या हातून गेला, ऑस्ट्रेलिया तो वर्ल्डकप जिंकली आणि कॅप्टन होता रॉन कूट. हे मात्र पोरांना कुणी सांगत नाही.

आणि माणूस म्हणजे काय फक्त तो जबडा होता का? १९६७, ६८, ७० आणि ७१, चार वेळा त्याच्या कॅप्टनशिपखाली साऊथ्स चॅम्पियन झाली. दहा वर्षं त्या लाल-हिरव्या जर्सीत त्याने जे टॅकल केले, जे धक्के खाल्ले, त्यातलं एकही कुणाला आठवत नाही. शेवटच्या काळात त्याला डिमेन्शिया झाला, २०२३ मध्ये गेला, वय ८०. डिमेन्शिया कशामुळे झाला हे मी डॉक्टर नाही त्यामुळे मी बोलणार नाही. पण त्याच क्लबचा जुना कॅप्टन मारियो फेनेक, हूकर, म्हणजे तोही फॉरवर्डच, त्यालाही डिमेन्शिया झाला, तोही कितीतरी कमी वयात. तो टीव्हीवर दिसला तेव्हा आमच्या घरात टीव्ही बंद करावा लागला, बायकोला बघवेना.

मग २०१४. साऊथ्स १९७१ नंतर पहिल्यांदा फायनलमध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी. सॅम बर्जेस, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा, बाप मोटर न्यूरॉनच्या आजाराने गेला तेव्हा हा जेमतेम १८ चा. बॉल घेऊन मॅचची पहिलीच धाव त्याची, समोरून दुसऱ्या टीमचा जेम्स ग्रॅहम, डोक्याला डोकं लागलं आणि याच्या गालाचं हाड मोडलं. तोही पूर्ण मॅच खेळला, ३०-६ ने जिंकले, मॅन ऑफ द मॅचचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच. ती मॅच मी मित्राच्या घरी बघितलीये, शिट्टी वाजल्यावर तो सुजलेला चेहरा घेऊन रडत होता आणि आम्ही पण रडत होतो, खोटं कशाला बोलू. पण पुढचं पण बघा ना. २०१९ मध्ये खांद्याच्या दुखण्याने, त्यातल्या इन्फेक्शनने त्याला खेळ सोडावा लागला. वय ३०. ज्या वयात प्रॉप कुठे मुरायला लागतो त्या वयात.

मला या दोघांबद्दल आदरच आहे, प्रचंड आहे. राग येतो तो मोडलेलं हाड म्हणजेच हिंमत असं पोरांच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा. खुद्द एनआरएलने, म्हणजे इथल्या रग्बी लीगच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेने, नियम बदललेत. शोल्डर चार्ज, म्हणजे हात न लावता नुसत्या खांद्याने धडक, २०१३ पासून बंद. डोक्याला लागल्याचा संशय आला तरी तपासणीला बाहेर. कनकशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालं तर ११ दिवस सक्तीने बाहेर, आणि हे पगार घेणाऱ्या धिप्पाड गड्यांना! मग तेरा वर्षांच्या पोराला पन्नास वर्षांपूर्वीचा जबडा कशाला ऐकवता?

सॅटलरच्याच घरातली दुसरी गोष्ट आहे की. त्याचा मुलगा स्कॉट, पेनरिथ क्लबचा लॉक. २००३ ची फायनल, पावसाने मैदान ओलं, रूस्टर्सचा विंगर टॉड बर्न कडेने सुटला, समोर मोकळं रान. विंगर म्हणजे टीममधला पळणारा माणूस, आणि हा फॉरवर्ड, निम्मी मॅच टॅकल करून दमलेला, आडवा पळत सुटला आणि लाईनच्या आधी त्याला गाठून अंगासकट बाहेर फेकला. पेनरिथ १८-६ ने जिंकली. कुणाचं हाड मोडलं नाही. फॉरवर्डची अख्खी करिअर त्या पळण्यात आहे, आपलं काम नसताना, पाय उचलत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना. हे शिकवा की पोरांना.

धाकट्याला डॉक्टरांनी तीन आठवडे मैदान बंद सांगितलंय. दोन दिवस डोकं दुखत होतं, आता ठीक आहे. रात्री त्याला तो २००३ चा टॅकल दाखवला, त्याने सलग सहा वेळा बघितला. या शनिवारी तो पाण्याच्या बाटल्या सांभाळणार आहे आणि मी तिथेच लाईनला उभा असणार आहे, कोचला जे सांगायचंय ते मॅचच्या आधीच सांगणार आहे.