खुलासा: शाहू महाराज दोन, काळ वेगळे

२६ जून जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो: 'बाजीरावांना पेशवेपद देणाऱ्या शाहू महाराजांनीच १९०२ मध्ये आरक्षण दिले.' दोन्ही गोष्टी खऱ्या, पण माणसं दोन.

पेशवेपद दिलं ते साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी, १७२० मध्ये. ते संभाजी महाराजांचे पुत्र. रायगड पडल्यावर, १६८९ पासून, मोगलांच्या कैदेत होते. १७०७ मध्ये सुटले आणि १७४९ मध्ये वारले.

आरक्षण देणारे राजर्षी शाहू कोल्हापूरचे. जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक गेल्यावर शाहू झाले. संस्थानी नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम त्यांचा, जुलै १९०२ चा. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं. हिशेब साधा आहे: बाजीरावांना नेमून १९०२ चा हुकूम काढायला एकाच माणसाला दोनशे वर्षं जगावं लागलं असतं!

गंमत म्हणजे साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरची गादी यांच्यात वारसाहक्कावरून उभं वैर होतं. १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्दी ठरल्या. पुढे त्याच कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या दत्तक मुलाचं नाव शाहू ठेवलं गेलं.