रेन चेक, चिखलकाला आणि भालदार

कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला तुमची जीभ रेटत नाही ना? मग इंग्रजीत म्हणा. आता तुम्ही म्हणाल, गोंयकाराला इंग्रजीची काय गरज, आपल्याकडे गोव्यात ‘पळोवया’, म्हणजे ‘बघूया’, आहे की! आहे, आणि शब्द झकास आहे. वर्गणी, उसने पैसे, सोयरीक, सगळीकडे चालतो. त्याचा अर्थ ‘मेलो तरी नाही’ असा होतो हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. गोची तिथेच आहे. अर्थ कळतो, म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो : ‘कित्याक रे?’ आणि एकदा कारण सांगायला बसलात की मेलात. पाठ दुखते म्हणा, संध्याकाळी कुणीतरी तेलाची बाटली घेऊन दारात उभं.

इंग्रजीत ही कटकट नाही. ‘आय डोन्ट रिअली फील लाइक इट’ एवढं म्हणून गप्प बसा. ‘का’ विचारायचं समोरच्याच्या अगदी ओठावर येतं, पण तेही इंग्रजीतच विचारावं लागेल या धास्तीने तो मुकाट्याने चहा संपवतो आणि चपला शोधू लागतो. इंग्रजी नकार सभ्य असतो वगैरे क्लासवाले सांगतात ते सोडा. खरी जादू या धास्तीत आहे.

काही पथ्यं मात्र पाळा. जेवायला बसताना ‘आय डोन्ट माइंड’ चुकूनही म्हणू नका. मी एकदा म्हणालो. मेव्हण्याच्या ताटात इसवणाची तुकडी पडली आणि माझ्या ताटात बांगड्याची शेपटी. बायको म्हणाली, ‘तुम्हाला काहीही चालतं ना?’ ‘आयड लव्ह टू’ हे बिनधास्त वापरा, फक्त पुढचा ‘बट’ विसरू नका. लग्नाच्या हॉलपासून सत्यनारायणापर्यंत कुठेही न जाण्याची सोय या प्रेमात आहे. ‘आय कुडंट केअर लेस’, म्हणजे ‘मला काडीचीही पर्वा नाही’, जरा जपून. त्यातला ‘नॉट’ कितीतरी अमेरिकन गाळून टाकतात आणि तरी अर्थ तोच राहतो, म्हणजे त्यांनाही आपल्यासारखीच शब्दापेक्षा मानेच्या हलण्यावर भिस्त ठेवायची सवय दिसते. आणि दुपारी एक ते चार काही बोलूच नका. त्या वेळात बाजारातलं शटर जे सांगतं ते कुठल्याही भाषेत इतकं स्वच्छ सांगता येत नाही. पोर्तुगीज ‘सोसेगादो’ म्हणजे शांत, निवांत. त्याचं आपण ‘सुशेगाद’ केलं आणि आता पर्यटकांना टी-शर्टवर छापून विकतो. अनिच्छेचे पैसे करणारी दुसरी जमात दाखवा!

‘आय विल टेक अ रेन चेक’ हे वाक्य पाठ करून मी गेल्या वर्षी स्वतःला फार शहाणा समजत होतो. हे मूळचं अमेरिकेतल्या बेसबॉलचं. एकोणिसाव्या शतकात पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकाला तिकिटाचा तुकडा देत, पुढच्या सामन्याला तो दाखवून आत जायचं. म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. आणि तो ‘कधीतरी’ येत नाही हे दोघांनाही माहीत. तर भजनाला बोलवायला आलेल्या शेजारच्या काकांना मी हे ऐकवलं. त्यांना त्यातलं ‘रेन’ तेवढं कळलं. ‘पावसाचं काय घेऊन बसलास?’ ते म्हणाले. ‘आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलात चिखलकाला असतो, सगळे चिखलात खेळतात. पाऊस नसेल तर आम्हाला चुकल्यासारखं वाटतं!’ जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जिथे सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, 24 जूनला, माणसं भर पावसात विहिरीत उड्या घेतात, तिथे पावसाची सबब? मी भजनाला गेलो. टाळही वाजवले.

तरीही इंग्रजीवरचा विश्वास ढळू देऊ नका. माझा ढळला नाही, म्हणूनच जत्रेच्या नाटकाची मंडळी आली तेव्हा मी तयारीत होतो. शंभराची पावती फाडून झाली. मग चिटणीस खाकरला : ‘एक पात्र कमी पडतं.’

‘आयड रादर नॉट,’ मी म्हणालो.

त्यातला ‘ड’ माझ्या घशातच राहिला असावा. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. धास्तीचा अंमल सुरू झाला, कुणीतरी चपलेकडे पाहिलंसुद्धा. पण कोपऱ्यातल्या खुर्चीत मास्तर बसले होते. गावाच्या तीन पिढ्यांना त्यांनी इंग्रजी व्याकरण घोटवलं, त्यात मीही आलोच. चष्मा पुसत ते शांतपणे म्हणाले, ‘वुड यू माइंड प्लेइंग द भालदार?’

‘नो, नो! नो, सर!’ मी दोन्ही हात हलवून ओरडलो.

‘थँक यू,’ मास्तर म्हणाले आणि चिटणिसाकडे वळले. ‘लिही. त्याची हरकत नाही.’

आता रोज रात्री साडेनऊला देवळाच्या मंडपात तालीम असते. कपडे भाड्याचे, मिशी स्वतःची. तिन्ही अंकांत मिळून मला एकच वाक्य आहे : ‘जशी आज्ञा, महाराज!’ मास्तर प्रॉम्प्टरच्या जागेवरून ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. त्यात मन दिसत नाही, म्हणतात.