पद्मिनी मातीला मिळते तेव्हा

आमच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या दाराखाली रंगाला एक फोड आला होता. चार आण्याच्या नाण्याएवढा. तो मी त्या रविवारी नखाने खरवडला नसता, तर माझी गाडी, माझी पाठ आणि शेजारच्या वहिनींशी आमचं असलेलं भांडण, तिन्ही आज होते तसेच राहिले असते.

फोडाखालून पत्रा निघाला नाही, लाल भुगा निघाला. म्हणून स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि परत येताना तळहाताएवढा तुकडा घेऊन आला. बायको ओटीवरून म्हणाली, "कशाला हात लावायचा? चालत होती ना?"

चालत होती हे खरं. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती पद्मिनी या नावाने बाहेर पडली असली, तरी आमच्याकडे अप्पांपासून वाडीतल्या पोरांपर्यंत सगळे तिला फियाटच म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. पण इंजिनाला बसायला गाडी लागते, आणि आमची गाडी हळूहळू रत्नागिरीच्या मातीत मिळत होती. दारांखालच्या पोकळ पेटीला पाणी निचरायला तळाशी भोकं असतात. ती आमच्या मातीने बुजली. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. पाणी आत साचलं आणि पत्रा आतून सडत गेला. वरून रंग शाबूत, आतून सगळं पोकळ. आमच्या भावकीतही असे दोघे-तिघे आहेत. त्यातून आमची माती लाल असते ती लोखंडाच्या ऑक्साईडमुळे, म्हणजे तीही एका अर्थी गंजच. खळ्यात सांडलेला भुगा कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, ते मला दिसेना.

पत्र्याचं काम करणारे चाचा आले. गाडीखाली आडवे झाले, हातोडीने दोनदा ठोकलं, एकदा "या अल्ला" म्हणाले आणि बाहेर आले. "हे रंगाचं काम नाय. हे हाडाचं काम आहे." जीपला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असतो, वरचा पत्रा सडला तरी जीप उभी राहते. फियाटला तसं नाही. तिची बॉडी हीच तिची चॅसी. चाचांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि मी त्याच क्षणी हे काम घरी करायचं ठरवलं. "मी फक्त सल्ला देईन," चाचा म्हणाले, "सल्ल्याचे पैसे नाय, चहा पाजा."

दुकानातून गंजावर लावायची बाटली आणली. पाठीमागे बारीक अक्षरात टॅनिक ॲसिड लिहिलं होतं. आई म्हणाली, "म्हणजे हिरडाच की! लोखंडी कढईत हिरडा उकळला की काळा होतोच." तिने उकळून दिला. गंजावर फासला, गंज काळाभोर झाला. बाटलीपेक्षा हिरड्याचा रंग चांगला आला, असं माझं प्रामाणिक मत आहे. फक्त दोन्हींनी भोक बुजत नाही.

मग सुरू झालं उत्खनन. वर रंग, रंगाखाली बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, लांबीखाली जुना रंग, त्याखाली सिमेंट. हो, सिमेंट. आणि सिमेंटच्या आत रिव्हेट मारून बसवलेला एक पत्रा, चकचकीत, त्यावर हिरवं माडाचं झाड. डालड्याचा डबा! अख्ख्या गाडीच्या तळात न गंजलेला तेवढाच भाग.

आईने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हा माझा पोह्यांचा डबा." तिचा आवाज अगदी थंड होता. तीस वर्षांपूर्वी हा डबा ओटीवरून नाहीसा झाला होता, आणि शेजारच्या वहिनींनी नेला म्हणून आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. अप्पा आता नाहीत, म्हणून वाचले.

चाचांनी बजावलं होतं, की पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घे. मला वाटलं, म्हाताऱ्याला उगाच काम वाढवायची सवय. मी ग्राइंडर लावून सडका भाग कापला. कुठूनतरी 'कुर्र' असा आवाज आला. गाडी मधोमध किंचित बसली. चाळीस वर्षं 'ठक्' करून लागणारं दार वरच्या कोपऱ्यात घासून अडकलं. पुढचे दोन दिवस मी जॅक केसाकेसाने वर चढवत होतो आणि बायको दाराची फट बघून "अजून... अजून... पुरे!" म्हणत होती. आमच्या लग्नात इतकं एकमत पूर्वी झालं नव्हतं.

मग वेल्डिंग. आणला होता १८ गेजचा पत्रा, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. पण तो जोडायचा होता त्या जुन्या पत्र्याची जाडी आता पापडाएवढी राहिली होती. रॉड टेकवला की भोक. ते बुजवायला गेलो की मोठं भोक. "अरे, शिवण नको घालू, टाके घाल," चाचा कपबशीतून म्हणाले. "एक इथं, एक तिथं. पत्र्याला थंड होऊ दे." मी टाके घातले. प्रत्येक टाक्याला शेजारपाजारचे दिवे मान टाकत होते. अकराव्या टाक्याला गाडीतल्या तागाच्या चटईने पेट घेतला. पद्मिनीचा जोहार व्हायचाच, पण आई बादली घेऊन धावली. ज्या पत्र्यातून पाण्याचा थेंब न् थेंब हटवायला मी दोन महिने खपलो, त्यावर तिने विहिरीचं बादलीभर पाणी ओतलं.

शेवटी ताटलीएवढं एकच भोक उरलं आणि पत्रा संपला. रविवार, दुकान बंद. तेवढ्यात मालिकेच्या ऐन वेळेला टीव्ही लुकलुकतोय म्हणून शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. आईने काही न बोलता आतून तो डालड्याचा पत्रा आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

वहिनींनी माडाच्या झाडाकडे बराच वेळ पाहिलं.

"सांगत होते ना मी, डबा मी नेला नाही म्हणून." मग जरा थांबून, पदराशी चाळा करत म्हणाल्या, "झाकण तेवढं आहे माझ्याकडे. तुळशीच्या कुंडीखाली ठेवलंय. एवढे पावसाळे झाले, पण गंज म्हणून धरला नाही हो त्याने."

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी भोकाकडे पाहिलं.