चेन उतरली तेव्हा वाजलेल्या टाळ्या

आज सकाळी जे पाहिले, आणि त्याहूनही जे ऐकले, ते लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

माझी बारा वर्षांची पुतणी गेली दोन वर्षे गो-कार्टिंग करते, म्हणजे छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतीत उतरते. आज तिच्या वयोगटाची शर्यत होती आणि शेवटच्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या शेवटच्या फेरीला, ती चार गाड्यांच्या अंतराने पुढे होती. शेवटून दुसऱ्या वळणावर तिच्या कार्टची चेन उतरली. ज्यांनी हे जवळून अनुभवले आहे त्यांना तो आवाज ठाऊक असेल. इंजिन एकदम मोकळे होऊन किंचाळू लागते आणि गाडी मात्र हळूहळू थांबत जाते. ट्रॅकवरच्या मार्शलने सावधानतेचा पिवळा झेंडा दाखवला, तिने कार्ट कडेच्या गवतात घेतली आणि मागचा मुलगा पुढे निघून गेला. इथपर्यंत कोणाचाही दोष नाही.

त्या मुलाचे वडील माझ्या शेजारीच जाळीला टेकून उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा रेषा ओलांडत असताना वाजवल्या असत्या तर मीही त्यांच्यासोबत वाजवल्या असत्या, पण त्या टाळ्या चेन उतरली त्या क्षणी वाजल्या. "बसली! बसली तिची गाडी!" असे ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. शर्यत संपल्यावर तो मुलगा हेल्मेट काखेत धरून गवताकडे, माझ्या पुतणीकडे पाहत होता, तेव्हा त्यांनी त्याची हनुवटी धरून चेहरा मोबाईलच्या दिशेने वळवला आणि फोटो काढला.

तो हनुवटी धरलेला हात दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही.

मी गप्प बसलो याचा मला आता संताप येतो आहे. बारा वर्षांच्या मुलीची गाडी बंद पडल्यावर आनंदाने ओरडणारा मोठा माणूस स्वतःच्या मुलाला नेमके काय शिकवत असतो? नशिबाने मिळालेला विजय हा विजयच असतो, त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याला कोणी गुन्हेगार ठरवत नाही. शर्यत पूर्ण करणे हाही शर्यतीचाच भाग आहे आणि चेनचा ताण तपासणे ही आमचीच जबाबदारी होती, हेही मान्य. माझा राग त्या कपावर नाही. ज्याच्या हातातोंडाशी आलेला घास निसटून तुमच्या ताटात पडला, त्या माणसाकडे तुम्ही एकदा तरी वळून पाहता की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

हे मी अधिकाराने बोलतो आहे असे समजू नका. १९९९ साली कराडजवळच्या एका माळावर झालेल्या डर्ट ट्रॅकच्या शर्यतीत मी अगदी असाच जिंकलो होतो. शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक गाडी, तिचा सायलेन्सर आम्ही मित्रांनी रात्रभर बसून बदललेला, आणि माझे वय बावीस. माझ्या पुढे मिरजेचा एक मुलगा होता, त्याच्या गाडीवर १४ क्रमांक होता. तो माझ्यापेक्षा सरळसरळ वेगवान होता. सहाही लॅप मी त्याने उडवलेली धूळ खात होतो. शेवटच्या वळणावर त्याची चेन तुटली. मी त्याच्या बाजूने गेलो तेव्हा तो गाडीवरून उतरून वाकला होता, आणि मी, त्याच्यापासून हातभर अंतरावरून जाताना, मूठ हवेत उंचावली.

त्यानंतर दोन वर्षांनी, २९ एप्रिल २००१ रोजी, बार्सिलोनाची फॉर्म्युला वनची शर्यत मी एका मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिली. मिका हॅकिनेन तिथे १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षे जिंकला होता आणि चौथा विजय त्याच्या खिशात असल्यासारखाच होता. शेवटचा लॅप सुरू झाला तेव्हा मायकेल शूमाकर त्याच्यापासून सुमारे चाळीस सेकंद मागे होता, आणि मोटार शर्यतीत चाळीस सेकंद म्हणजे दुसरे गाव. त्या लॅपमध्ये हॅकिनेनच्या मॅक्लारेनचा क्लच निकामी झाला आणि गाडी ट्रॅकवरच थांबली. शूमाकर जिंकला. हॅकिनेनचा संघसहकारी डेव्हिड कुल्थार्ड याने त्याला आपल्या गाडीवर बसवून परत आणले. ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे ते विसरणार नाहीत, कारण पहिल्या क्रमांकाच्या जागी जो असायचा तो दुसऱ्याच्या गाडीवर बसून येत होता. आणि शूमाकर विजयाचा उन्माद न दाखवता हॅकिनेनजवळ गेला आणि त्याने त्याचे सांत्वन केले.

शूमाकर काही संत नव्हता. १९९७ साली हेरेसमध्ये त्याने जाक व्हिलनव्हच्या गाडीवर आपली गाडी घातली आणि त्यासाठी त्याला त्या मोसमाच्या क्रमवारीतून बाद करण्यात आले, हे खरे आहे. पण बार्सिलोनाच्या त्या दुपारी त्याला कळले होते की आपण जिंकलो ते समोरच्याला हरवून नव्हे. मित्राच्या घरात सगळे हॅकिनेनसाठी हळहळत होते आणि मी मात्र जमिनीकडे पाहत बसलो होतो, कारण मला माळावरची ती धूळ आणि वाकलेली पाठ दिसत होती.

आता कोणी म्हणेल की एवढे हळवे होऊन शर्यती जिंकता येत नाहीत. मग १९५८ सालची पोर्तुगालमधल्या पोर्तोची फॉर्म्युला वन शर्यत आठवा. माइक हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली होती, त्याने ती ढकलत पुन्हा सुरू केली, आणि शर्यतीच्या उलट दिशेने गाडी नेल्याबद्दल त्याला बाद करण्याची वेळ आली. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला तो स्टर्लिंग मॉस, म्हणजे विश्वविजेतेपदासाठी त्याच्याशीच झुंजणारा माणूस! हॉथॉर्नची गाडी ट्रॅकवर नव्हती, कडेच्या पदपथावर होती, असे त्याने पंचांना सांगितले आणि हॉथॉर्नचे दुसरे स्थान कायम राहिले. मोसमाच्या शेवटी हॉथॉर्नचे ४२ गुण झाले आणि मॉसचे ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. मॉस पुढे कधीही विश्वविजेता झाला नाही, आणि तरीही त्याचे नाव आज अनेक विश्वविजेत्यांच्या आधी घेतले जाते. त्याने केवळ गप्प राहायचे होते. गप्प राहणे किती सोपे असते हे आज सकाळी जाळीपाशी मलाही कळले.

नशिबाच्या विजयात आनंद मानूच नये असे मी म्हणत नाही. याचे उत्तम उदाहरण तर आपल्या घरचे आहे. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मिशेलिन कंपनीचे टायर त्या ट्रॅकच्या कललेल्या वळणासाठी सुरक्षित नाहीत असे ठरले आणि फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर, चौदा गाड्या पिटमध्ये, आपापल्या संघांच्या गॅरेजांकडे, परतल्या. ब्रिजस्टोनच्या टायरवरच्या उरल्या फक्त सहा. प्रेक्षकांनी चिडून ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. त्या सहा गाड्यांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. रात्री उशिरा जागून ती शर्यत पाहणाऱ्या आम्हा मित्रांना त्या पाच गुणांचे काय वाटले होते ते शब्दांत सांगता येणार नाही. त्याच्याच जॉर्डन संघातला पोर्तुगालचा टियागो मोंटेरो तिसरा आला. फेरारीचे दोघे जण पोडियमवरून लगेच निघून गेले आणि तो मात्र एकटा शॅम्पेन उडवत मनसोक्त आनंद साजरा करत राहिला. त्याला तेव्हा लोकांनी नावे ठेवली. मी कधीच ठेवली नाहीत. चौदा गाड्या मागे फिरल्या त्यात त्याचा हात नव्हता, त्याच्या शेजारी कोणी तुटलेली चेन हातात घेऊन वाकलेले नव्हते, आणि जी शर्यत उरली ती त्याने चूक न करता पूर्ण केली. त्याचा आनंद स्वच्छ होता. माझी उंचावलेली मूठ तशी नव्हती, आणि हा फरक मला कोणाला समजावून सांगावा लागतो याचेच दुःख होते.

वडिलांविषयीच बोलायचे तर अबू धाबीची फॉर्म्युला वन शर्यत, १२ डिसेंबर २०२१. लुईस हॅमिल्टन आठव्या विश्वविजेतेपदापासून काही मिनिटांवर होता. निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली, आणि ती ज्या पद्धतीने परत नेऊन शेवटचा एकच लॅप मोकळा करण्यात आला त्यावर आजही भांडणे होतात. ताजे टायर असलेला मॅक्स वर्स्टापेन त्या एका लॅपमध्ये पुढे गेला. मी त्या निर्णयाच्या विरोधात होतो आणि आहे. पण त्या रात्री हॅमिल्टनने वर्स्टापेनचे अभिनंदन केले, आणि त्याचे वडील अँथनी हेही वर्स्टापेन पितापुत्रांचे अभिनंदन करायला गेले. मुलाच्या तोंडचा घास गेलेला असताना बापाने पुढे होऊन हात मिळवणे म्हणजे काय, हे ज्याला मूल आहे त्याला सांगावे लागू नये. आज सकाळच्या गृहस्थांचे तर मूल जिंकले होते. त्यांना काहीही गमवायचे नव्हते. जाळीपासून गवतापर्यंत वीस पावले चालून "बाळ, छान चालवलीस" एवढेच म्हणायचे होते.

इतका वेळ लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे, म्हणून जे आजवर कोणालाही सांगितले नव्हते ते लिहितो.

मिरजेच्या त्या मुलाने तुटलेली चेन गळ्यात अडकवून गाडी हाताने ढकलत रेषेपार नेली होती. सगळ्यात शेवटी तो पोचला तोवर बक्षीस समारंभ उरकतही आला होता. माझ्या हातात कप होता आणि मित्र फोटो काढत होते. तो गर्दीतून वाट काढत आला, ग्रीसने काळे झालेले हात त्याने आधी पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मग उजवा हात पुढे केला. माझ्या उजव्या हातात कप होता. तो मी दुसऱ्या हातात घेऊ शकलो असतो. मी कप तसाच धरून त्याच्यापुढे डावा हात केला आणि तोंड कॅमेऱ्याकडेच ठेवले. त्याने तो डावा हात हातात घेतला, "चांगली चालवलीस" म्हणाला, आणि गेला.

आज परत येताना गाडीत मी हे पुतणीला सांगितले. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, तिच्या नखांत अजून चेनचे काळे होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, "काका, त्याचं नाव काय होतं?" मला सांगता आले नाही. मी त्याचे नाव तेव्हा विचारलेच नव्हते. "मग तुम्ही त्याला शोधलंही नाही?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्यापैकी अनेक जण सांगली-मिरज भागातले आहात, काही जणांची तिथे गॅरेजेस आहेत. १९९९ च्या हिवाळ्यात कराडजवळच्या माळावर १४ क्रमांकाची गाडी चालवणारा, शेवटच्या वळणावर चेन तुटलेला कोणी आपल्या ओळखीत असेल, तर त्याला माझा निरोप द्या आणि त्याची परवानगी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. तो आता पंचेचाळीस-पन्नाशीचा असेल. मी मिरजेला येईन, पुतणीलाही सोबत आणीन. तो कप माझ्याकडे अजून आहे, तोही घेऊन येतो.